महाविद्यालयाची वाट किती लांब?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक ठरलेली बातमी असते. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा किंवा मुलगी, वडील सालगडी किंवा ऊसतोड मजूर, घर पत्र्याचे, आणि गुण नव्वद टक्क्यांच्या वर. सोबत पेढा भरवतानाचे छायाचित्र. ही बातमी आम्हीही आनंदाने वाचतो. आपणही ती शाळेच्या सूचना फलकावर लावत असाल. परंतु एवढ्यावर थांबले की मनात नकळत एक निष्कर्ष तयार होतो: जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही. हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. इतिहासाच्या मदतीने तो तपासता येतो.

त्याआधी संख्याशास्त्रातली एक गोष्ट पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे गणिती एका संशोधन गटात काम करत होते. लढाईवरून परत आलेल्या विमानांना कुठे कुठे गोळ्या लागल्या आहेत याची माहिती या गटाकडे येई. ज्या भागांवर जास्त भोके, तिथे जाड पत्रा लावावा, असे वरवर पाहता वाटते. वाल्ड यांचा विचार उलटा होता. ही विमाने परत आली आहेत. म्हणजे या भागांवर गोळी लागूनही विमान टिकते. जिथे भोके दिसत नाहीत, तिथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. संरक्षण तिथे हवे. (हेच वाल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये व्याख्यानांसाठी भारतात आलेले असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून मरण पावले.)

निकालाच्या बातमीतला विद्यार्थी हे परत आलेले विमान आहे. त्याने काय काय सोसले ते आपल्याला दिसते. ज्यांना तेच सोसणे जमले नाही, ते बातमीत नसतात. म्हणून नांदेड-लातूरकडच्या मुलांची महाविद्यालयापर्यंतची वाट गेल्या शंभर वर्षांत कशी होती, ती कोणासाठी कशामुळे कमी झाली आणि कोण वाटेतच राहिले, हे जरा मागे जाऊन पाहू.

दोन गावे, दोन रूळ

नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण. लातूर मात्र तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. नकाशावर ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. नांदेडहून मनमाड-सिकंदराबाद मार्ग गेला होता, १९०० च्या सुमारास सुरू झालेला. त्यामुळे नांदेडचा मुलगा शिकायला निघाला तर एकीकडे हैदराबाद आणि दुसरीकडे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर). लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली. अडीच फूट रुंदीचे रूळ, गाडीचा वेग बेताचा. पण ही गाडी बार्शी-कुर्डुवाडीकडे, म्हणजे संस्थानाबाहेर इंग्रजी मुलखात जात होती. लातूरच्या व्यापारी आणि सधन घरांतील मुलांना बार्शी, सोलापूर, पुणे ही वाट मोकळी होती. सधन हा शब्द इथे महत्त्वाचा. रूळ सर्वांसाठी होते. परगावी राहण्याचा खर्च सर्वांना झेपणारा नव्हता.

महाविद्यालय म्हणावे असे मराठवाड्यात काय होते? औरंगाबादला १९२३ मध्ये निघालेले सरकारी इंटरमीजिएट कॉलेज. पदवीसाठी त्यापुढे हैदराबाद. स्वातंत्र्यापर्यंत पाच जिल्ह्यांच्या या प्रदेशात एवढीच सोय होती.

मैलांचे अंतर एक झाले. भाषेचे अंतर त्याहून मोठे होते.

मुसल्लस आणि जाविया

हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे आधुनिक भारतातले पहिले विद्यापीठ. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी सगळे उर्दूतून. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून आधी भाषांतर विभाग उभारला आणि शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. विज्ञानाच्या परिभाषेत रस असणाऱ्या कोणीही या प्रयोगाला मान द्यावा असाच तो होता. मराठीतून विज्ञान शिकवता येईल का, याची चर्चा आपण अजून करतो. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ते उर्दूत करून दाखवले.

पण कोणाच्या भाषेत? संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. उर्दू मातृभाषा असलेले लोक शेकडा दहा-बाराच्या आसपास. प्राथमिक वर्ग मराठीतून झाले तरी पुढच्या सरकारी शाळेत माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला त्रिकोण 'मुसल्लस' म्हणून, कोन 'जाविया' म्हणून, वर्तुळ 'दायरा' म्हणून आणि अपूर्णांक 'कसर' म्हणून शिकावा लागे. गणित 'रियाजी', वनस्पतिशास्त्र 'नबातियात'. मुले ते शिकत नव्हती असे नाही. त्या पिढीतील कितीतरी मराठी माणसांचे उर्दू अस्सल होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. परंतु ज्या घरात वाचता येणारे आधी कोणीच नव्हते, त्या घरातील मुलाला एकाच वेळी गणित आणि गणिताची परकी भाषा अशा दोन गोष्टी शिकाव्या लागत. आपल्यापैकी जे गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलांना शिकवतात, त्यांना हा प्रश्न निराळा समजावून सांगायला नको. किनवट, माहूर हा नांदेड जिल्ह्याचाच भाग आहे.

यावर उपाय म्हणून खाजगी शाळा निघाल्या. पण संस्थानात खाजगी शाळेला सरकारी परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. तरीही काही ठिकाणे उभी राहिली. आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे खेडे आहे. तिथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. सोलापूरला शिकलेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेत शिक्षक म्हणून आले. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते खेड्यातल्या मुलांबरोबर राहणारे मास्तर होते. हिप्परग्याच्या शाळेचे मोठेपण तिच्या अभ्यासक्रमात जितके होते तितकेच ती निवासी होती यात होते. मुलगा तिथे शिकत होता, जेवत होता आणि झोपत होता.

हे जेवणे आणि झोपणे आपण फार सहज धरून चालतो. त्या काळी परगावी शिकणारा गरीब मुलगा जेवत कुठे असे? वार लावून. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. जुन्या आत्मचरित्रांत याची वर्णने भरपूर सापडतात आणि ती वाचताना डोळ्यांत पाणी येते. पण एक गोष्ट त्या वर्णनांत बहुधा सांगितलेली नसते, कारण सांगणाऱ्याला ती जाणवण्याचे कारण नव्हते. वाराला जात लागत होती. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरी पानावर बसता येई. महार-मांगांच्या मुलाला कोण वार देणार? म्हणजे हाल दोघांचेही होते, पण एकाच्या हालांना निदान एक वाट होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली, ती हा प्रश्न अचूक ओळखूनच. मराठवाड्यात असा राजा नव्हता.

वसतिगृहाचे महत्त्व सरकारलाही चांगले कळत होते. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, मुलांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. संस्थानातील एकुलते एक विद्यापीठ बंद झाल्यावर जायचे कुठे? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकी एक. या प्रसंगात विद्यार्थ्यांचे धैर्य मोठे होते यात शंका नाही. आम्हाला केदारांची सहीही तेवढीच मोठी वाटते. ती नसती तर या मुलांच्या धैर्याची किंमत त्यांच्या आयुष्यभराच्या शिक्षणाने चुकती झाली असती.

१९५० चे वर्ष

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मुक्तिसंग्रामात उतरलेल्या मुलांची एक-दोन वर्षे आधीच गेली होती. आता आणखी एक गंमत झाली, मुलांच्या दृष्टीने अर्थात गंमत नव्हेच. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. ज्याने घरी मराठी, शाळेत उर्दू असा प्रवास करून मॅट्रिक गाठली होती, त्याच्यासमोर आता इंग्रजी उभी राहिली. या संक्रमणात किती जण गळले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

मात्र १९५० या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि तिचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जूनमध्ये महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. दोन्ही नावांत 'पीपल्स' आहे, हा योगायोग. दोन्ही महाविद्यालये सुरुवातीला उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले.

नांदेडच्या कॉलेजने नांदेड, परभणीकडच्या मुलांचे हैदराबादपर्यंतचे अंतर वाचवले. मिलिंदने वेगळेच अंतर कमी केले. नांदेडहून औरंगाबाद सुमारे अडीचशे किलोमीटर; मैलांच्या हिशेबाने ते जवळ नव्हते. पण नागसेनवनात वसतिगृह होते. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते, वार लावून जेवणे ज्याच्या कल्पनेतही नव्हते, त्या मुलाला तिथे स्वतःच्या नावाची खाट मिळत होती आणि पंगतीत पान मिळत होते. जोडीला केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती, १९४४ मध्ये सुरू झालेली. तीही आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित लेखक-प्राध्यापकांच्या पहिल्या पिढ्या बऱ्याच अंशी या वसतिगृहांतून घडल्या. त्या मुलांची बुद्धी १९५० साली अचानक वाढली असे कोणी म्हणणार नाही. खाट १९५० साली आली.

नांदेडच्या बाबतीत नरहर कुरुंदकरांचे उदाहरण सांगायचा मोह होतो. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले. मामा म्हणजे उस्मानियातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर. कुरुंदकरांचे वाचन अफाट, पण इंटरच्या परीक्षेत ते एकदा नव्हे तर अनेकदा नापास झाले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेने त्यांना शिक्षक म्हणून घेतले. नोकरी करता करता ते पदवीधर झाले, एम.ए. झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथलेच प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

कुरुंदकर गरिबीतून वर आलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचे वडील वैद्यक व्यवसायात होते आणि मामा प्राध्यापक. पण म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचे आहे. नापास होऊनही त्यांच्यामागे एक घर होते, पुस्तके होती आणि इंटर नापास माणसाला वर्गात उभे करणारी एक शाळा होती. ज्याला पहिल्याच नापासनंतर शेतावर परतावे लागले, अशा मुलांत दुसरा कुरुंदकर नव्हताच असे कशावरून?

साठच्या दशकात वाट झपाट्याने जवळ आली. लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय, उदगीरला १९६२ मध्ये उदयगिरी, लातूरलाच १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठीची फी माफी याच सुमारास मिळू लागली आणि शेतकऱ्यांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने महाविद्यालयात दिसू लागली. या वाटेवर मग १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. सुट्टीत खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला महाविद्यालयीन मुले गेली. तिथे मिळणारी सुकडी त्या पिढीतील कोणालाही विचारा, चव अजून सांगतील. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन उभारले. वसमतला झालेल्या गोळीबारात दोन विद्यार्थी मरण पावले. रेल्वे, नोकऱ्या, शिक्षणसंस्था या मागण्यांपैकी काही पुढे हळूहळू मान्य झाल्या.

आणि त्यानंतर चारच वर्षांनी त्याच विद्यार्थी समाजाची दुसरी बाजू दिसली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत विशेष अत्याचार झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला औरंगाबादला पाठवले, तेच घर जळाल्याचे ऐकून तो मुलगा पुस्तकात कसे डोके घालत असेल? जिद्दीच्या बातम्यांत हा अडथळा आम्हाला सहसा वाचायला मिळत नाही. 'हलाखीची परिस्थिती' या दोन शब्दांत आपण दुष्काळ, गरिबी आणि माणसांनी माणसांना केलेला जाच असे सगळे एकत्र बांधून टाकतो. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरच्या मुलांची औरंगाबादची फेरी चुकली.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे

या दोन घटनांच्या थोडे आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ती फार नव्हे. पण घरांच्या भिंती मातीत बसवलेल्या जाड दगडांच्या आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. मृतांचा आकडा दहा हजारांच्या जवळपास गेला. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात गणला जात होता. पुढे नकाशा सुधारला आणि तो तिसऱ्या विभागात आला. भूगोल शिकवताना या उदाहरणाचा उपयोग जरूर करावा: दगड तेच होते, बदलले ते आपले ज्ञान.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर या परिसरातील मुलांच्या शिक्षणाचे काय झाले? पुस्तके, गुणपत्रिका, दाखले घराबरोबर गेले. कित्येकांचे घरच उरले नाही. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली. आधी पिंपरीत आणि मग वाघोलीला उभारलेल्या संकुलात ती राहिली, शिकली, आणि अनेक जण पुढे महाविद्यालयांत गेली. हिप्परगा इथून फार दूर नाही. सत्तर वर्षांपूर्वी त्या शाळेने केले तेच काम पुन्हा करावे लागले: आधी छप्पर आणि जेवण, मग गणित. घरापासून तीनशे किलोमीटरवर, आई-वडील नसलेल्या किंवा तंबूत राहणाऱ्या मुलाने परक्या शहरात दहावी देणे ही जिद्दच होय. ती जिद्द अशा इतर मुलांतही होती, ज्यांना गाडीत जागा मिळाली नाही.

याच लातूरचे नाव त्या दशकात आणखी एका कारणाने महाराष्ट्रभर झाले. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच दयानंद महाविद्यालयाने, बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी जी पद्धत बसवली तिला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. (वाघमारे हेच नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.) यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, जादा तास घ्यायचे, बोर्डाच्या धर्तीवर पुन्हा पुन्हा चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून मुलाला त्याची चूक दाखवायची. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याला कॉलेजातच विचारायला माणूस मिळाला. मराठवाड्याची मुले गुणवत्ता यादीत दिसू लागली, डॉक्टर-इंजिनिअर झाली. पाठांतर वाढले, प्रयोगशाळा मागे पडली, ही टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नव्हती. आमच्या मते त्याहून गंभीर गोष्ट नंतर घडली. महाविद्यालयाच्या फीमध्ये मिळणारी ही मदत हळूहळू महाविद्यालयाबाहेर पडली. 'नीट'सारख्या परीक्षा आल्या आणि लातूरला खाजगी शिकवण्यांचा एक स्वतंत्र भागच वसला. 'ट्यूशन एरिया' म्हणून रिक्षावाला तुम्हाला नेमका तिथे सोडतो. नांदेडचीही गत तीच. वाट पुन्हा लांब झाली. या वेळी ती रुपयांनी लांबली.

या विद्यार्थ्यांच्या गावाला २०१६ मध्ये पिण्याचे पाणी उरले नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती आली कुर्डुवाडीच्याच मार्गाने. रूळ आता रुंद झाले होते, पण वाट शंभर वर्षांपूर्वी लातूरची मुले ज्या वाटेने शिकायला बाहेर पडली तीच.

शाळा सोडल्याचे कारण

न परतलेली विमाने मोजायची कशी, हा प्रश्न उरतोच. शिक्षकांच्या हाती त्याचे एक उत्तम साधन आहे आणि ते बहुतेक शाळांच्या कपाटात धूळ खात पडलेले असते. ते म्हणजे जनरल रजिस्टर. दाखल झाल्याची तारीख, जात, वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, नावे झाकून, नववी-अकरावीच्या मुलांकडून एखाद्या दशकाची मोजणी करून घ्यावी. पहिलीत शंभर आले तर दहावीला किती पोचले? मुलींचे आकडे वेगळे काढावेत. 'सततची गैरहजेरी' हे कारण वारंवार दिसेल. ते कारण कसले? ते लक्षण आहे. वर्ष पाहावे: ते १९७२ आहे का, १९७८ आहे का, १९९३ आहे का? महिना पाहावा. दिवाळीच्या आसपास गेलेली मुले ऊसतोडीला किंवा मुखेड-कंधारकडून हैदराबादच्या बांधकामावर गेली असतील. उन्हाळ्यात कमी झालेल्या आठवी-नववीच्या मुलींबद्दल गावातल्या आजीला विचारले तर ती सांगेल, लग्न झाले म्हणून. वार्षिक आलेख, वयोगट, शेकडेवारी हे सगळे गणित यात येते आणि सामान्य विज्ञानातले निरीक्षण-अनुमानही.

या रकान्याचे मोल किती आहे हे एका घटनेवरून कळावे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लातूर जिल्ह्यातील एका गावात बारावीत शिकणाऱ्या मुलीने जीवन संपवले. घरच्या शेतीला दुष्काळाने ग्रासले होते आणि एसटीच्या महिन्याच्या पासाला पैसे नव्हते. विद्यार्थ्यांना पासावर ६६.६७ टक्के सवलत होतीच, म्हणजे एकतृतीयांश रक्कम भरायची. ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मोफत पासाची योजनाही कित्येक वर्षे चालू होती. पण ती तेव्हा दहावीपर्यंतच्या मुलींसाठी होती. ही मुलगी बारावीत होती. दहावीपर्यंत तिला पोचवणारी व्यवस्था दहावीला संपली, आणि पुढच्या दोन वर्षांची वाट तिच्या वडिलांच्या खिशावर आली. या घटनेनंतर दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांना मोफत पास देण्याचा निर्णय झाला आणि पुढे अहिल्याबाई होळकर योजना बारावीपर्यंत वाढवली गेली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली.

करोनाच्या साथीत बंद झालेली महाविद्यालये महाराष्ट्रात २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. दीड वर्ष घरी बसलेल्या मुली पुन्हा दप्तर आवरू लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल बोलण्याची ही जागा नव्हे. त्यांच्याही घरी शिकणारी मुले होती. पण नांदेड-लातूरच्या ज्या खेड्यांना एसटीवाचून दुसरी गाडी नव्हती, तिथल्या मुलींना त्या पाच-सहा महिन्यांत मोफत पासाचा उपयोग नव्हता. काळीपिवळी परवडणाऱ्या घरांतील मुली वर्गात गेल्या. उरलेल्यांचे त्या वर्षाचे हजेरीपत्रक महाविद्यालयांत असेलच, ते अजून काढून पाहता येईल.